घरचं किराणा दुकान, दारावरचा दगड आणि जागेचा मागोवा: मदत हवी आहे

तागडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहायला बसले.

बार्शी लाइनवर, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एका छोट्या गावात आमचं किराणा-भुसार दुकान होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाऊबंदकीत दावा चालू आहे आणि आमच्याकडे सगळे सगळं वाचतात. काका गेल्यापासून दुकानाला कुलूप आहे. आता रस्ता रुंदीकरणात पुढचे सहा फूट जाणार, तशी लाल रंगाची खूण भिंतीवर झालीसुद्धा. ते पडायच्या आत दुकानाचा इतिहास लिहून काढावा असं मनात आहे.

घरात सांगतात ती गोष्ट अशी: पणजोबा दहा वर्षांचे असताना रेल्वे आली आणि त्याच साली दुकान निघालं. दहा वर्षांच्या पोरानं दुकान कसं काढलं हे आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हाताशी काय आहे ते सांगते. लोखंडी पेटीत लाल कापडी बांधणीच्या सात लांबट वह्या आहेत, बहुतेक मोडीत. दुकान माळवदाचं, सागवानी खांबांचं. मागच्या खोलीत एका कोपऱ्यात फरशी बशीसारखी खचली आहे. आणि दारावर आडवा काळा दगड आहे, त्यावर 'श्री शके १८२१' असं कोरलंय. आम्ही लहानपणापासून पाहुण्यांना तोच दाखवतो, 'आमचं दुकान एवढं जुनं' म्हणून. त्या दगडाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीच्या चार-पाच खाचा आहेत. काका म्हणायचे, त्यावर विळ्या-सुऱ्या घासायचे.

सुरुवात कुठून करू?

खवचट खारीक

सुरुवात बेरजेपासून करा. शके १८२१ अधिक ७८ म्हणजे १८९९. बार्शी लाइट रेल्वे बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी १८९७ ला सुरू झाली आणि लातूरला पोहोचली १९११ ला. तुमचं गाव त्या पुढच्या टप्प्यात असणार. मग दुकान रेल्वेबरोबर आलं की दगडाबरोबर? दोन्ही खरं असू शकत नाही.

आणि दारावरच्या दगडावर विळे कोण घासतं? शिडी लावून?

तागडी

@खारीक, शिडीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. :)

निवृत्त भूकरमापक

ताई, एक सांगतो. बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली आहेत. लोक 'दुकानाचा इतिहास' म्हणून येतात तेव्हा त्यांना दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एक धंद्याचा आणि एक जागेचा. धंदा वह्यांत सापडतो, जागा कागदात. दोन्ही एकाच टोपलीत घातले की घोटाळा होतो.

जागेसाठी आधी गावठाणाचा नगर भूमापन झाला आहे का ते बघा. झाला असेल तर मालमत्ता पत्रक मिळेल, आता ते ऑनलाइन डिजिटल सहीचंही मिळतं. पण मालमत्ता पत्रक हा शेवट आहे, सुरुवात नाही. सुरुवात असते चौकशी नोंदवहीत. भूमापन झालं तेव्हा चौकशी अधिकाऱ्यानं गल्लीत येऊन कोण राहतं, कशाच्या आधारे राहतं, शेजारी काय म्हणतो हे विचारून लिहिलेलं असतं. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे नकलेचा अर्ज करा. घरात पेटीत जुनी सनद पडली असेल तीही बघा. चौकशीनंतर फी भरून ती मिळायची आणि लोक ती देवाच्या फोटोमागे ठेवून विसरायचे.

मालमत्ता पत्रक हातात आलं की सगळे 'मूळ धारक' वाचतात आणि घडी घालतात. तुम्ही 'सुविधाधिकार' हा रकाना वाचा. शंभरातल्या पंच्याण्णव पत्रकांत तो कोरा असतो. पण त्यात दुसऱ्या कुणाचा त्या जागेच्या वापराचा हक्क लिहिलेला असेल, तर पाडापाडीच्या आधी कळलेला बरा.

काळा कोट

भूकरमापक साहेबांशी सहमत. एवढंच जोडतो की मालमत्ता पत्रक ही नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. आणि दावा चालू असताना त्याचा फोटो इथे टाकू नका. वाचून काय लिहिलंय ते सांगा, पुरे.

मोडीवेडी

वह्यांची पहिली आणि शेवटची पानं मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. फ्लॅश न वापरता, खिडकीजवळ, तिरक्या उजेडात काढा. मोडीत शाई उडालेली असली तरी बोरूचा दाब तिरक्या उजेडात दिसतो. वहीला टाचणी, क्लिप काही लावू नका.

पुडीबहाद्दर

बाकी ज्ञानी लोक सांगतीलच. मी वाण्याचा पोरगा, माझं आपलं आठवणीचं.

तुमच्या दुकानाला शटर आहे का फळ्या? आमच्याकडे फळ्या होत्या. नऊ. प्रत्येकीवर आतल्या बाजूला खडूनं नव्हे, पटाशीनं आकडा कोरलेला. खाली उंबऱ्यात खाच, वर तुळईत खाच. आधी वर सरकवायची, मग खाली बसवायची, मग डावीकडे ढकलायची. चुकीच्या नंबरची फळी लावली की शेवटची बसतच नाही. रोज रात्री वडील 'सात कुठंय, सात?' असं ओरडायचे, कारण सात नंबरवर मी दिवसभर क्रिकेटचा स्टंप म्हणून कब्जा केलेला असायचा.

पुडी बांधायची ती आता कुणाला सांगूनही कळत नाही. रद्दीचा चौकोन तिरका धरायचा, साखर मध्यभागी, खालचं टोक वर, दोन्ही बाजू आत, मग तळहातावर दोनदा आपटून वरचं टोक खोचायचं. आढ्याला टांगलेल्या डब्याच्या भोकातून दोरा खाली लोंबत असायचा. दोन फेरे उभे, दोन आडवे, आणि करंगळीभोवती वेटोळं घालून झटका. तुटला पाहिजे, सुटता कामा नये. वडिलांच्या करंगळीला त्या जागी कायमची रेघ होती. मला पुडी जमायला दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या. पहिल्या सुट्टीत एका गिऱ्हाईकाची पावशेर साखर मी त्याच्या धोतरात बांधून दिली होती म्हणायला हरकत नाही.

तागडी

@पुडीबहाद्दर, आमच्याही फळ्याच. अकरा आहेत. चार नंबरची हरवली म्हणून तिथे पत्रा मारलाय.

@मोडीवेडी, पानं पाठवली. प्रत्येक पानावर 'हा' आणि 'क' असे दोन रकाने आहेत, ही दोन गिऱ्हाइकं आहेत का? आणि एका वहीत '१९' हा आकडा फार येतो.

मोडीवेडी

वाचलं. मजा आली.

सर्वांत जुन्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' खाली 'सन १३४० फसली' आहे आणि पुढे 'नवे दुकान'. हैदराबाद संस्थानच्या फसली सनात ५९० मिळवायचे. म्हणजे १९३०-३१. ताई, दुकान १९११ चं नाही. निदान वही तसं म्हणत नाही.

दुसरं, तुम्ही विचारलं होतं की प्रत्येक पानावर 'हा' आणि 'क' असे दोन रकाने का, ही दोन गिऱ्हाइकं आहेत का. गिऱ्हाइकं नाहीत, रुपये आहेत. 'हा' म्हणजे हाली, निजामाचा हाली शिक्का. 'क' म्हणजे कल्दार, इंग्रजी रुपया. तुमचं गाव निजामात, बार्शी इंग्रजीत, सोलापूर जिल्ह्यात. माल बार्शीहून कल्दारात आणायचा, गल्लीत हालीत विकायचा. ठोकळ भाव सात हालीला सहा कल्दार. अधिकृत धरायचं तर १०० कल्दारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. पणजोबांनी समासात सारखं सात-सहा, सात-सहा असं करून ठेवलंय. शिवाय हद्दीवरच्या नाक्याची करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, वेगळी लिहिली आहे. मिरे, लवंगांवर ती लागलेली दिसते.

खवचट खारीक

म्हणजे दहा वर्षांचा दुकानदार गेला. आता तो १९११ ला दहाचा होता तर दुकान काढताना तिशीच्या आसपास. हे पटतं.

तागडी

आजीला फोन लावला. (पणजोबा म्हणजे तिचे सासरे.) तिचं म्हणणं: "रेल्वे आली तवा ते हितं आले, ते खरं हाय. पर दुकान कुठलं, आडतीवर पोती शिवायला व्हते. मग आठवडी बाजारात खाली पोतं आथरून मीठ-मिरची इकायचे. दुकान लई मागनं."

म्हणजे घरातली गोष्ट खोटी नव्हती. 'आले' आणि 'दुकान काढलं' ही दोन वाक्यं कुणीतरी शिवून एक केली होती.

गणिती गवळण

मला वेगळाच प्रश्न आहे. तागडी, तू लिहिलं होतंस की एका वहीत '१९' हा आकडा फार येतो. ती वही १९५७ नंतरची आहे का?

तागडी

हो! देवनागरीत आहे, साल १९५८. चहा १९, विडी १९, खोबरं १९. मला वाटलं काही शुभ आकडा असेल.

गणिती गवळण

शुभबिभ काही नाही, ते तीन आणे आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, पण पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून सरकारी कोष्टक आलं: एक आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५. आता गंमत बघ. एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४, एकदम घेतली तर २५. हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल? गल्लीतल्या पोरांना. आणि दुकानदाराला दुसऱ्या दिवशी.

वजनांचंही तसंच. मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २३३ ग्रॅम. आपण अजून पाव किलोला पावशेर म्हणतो तो खरं तर १७ ग्रॅमनं जाड झालेला पावशेर आहे.

पुडीबहाद्दर

आणि भाव शेराचा ठेवायचा की किलोचा यावरून जी भांडणं झाली ती! आजोबा सांगायचे, जुनी वजनं मोडीत घालायला कुणी तयार नव्हतं. आमच्या घरी दोन शेराचं लोखंडी वजन अजून दाराला अडवण म्हणून आहे.

तागडी

अजून एक. १३५७ फसलीच्या वहीत मधेच बरीच पानं कोरी आहेत आणि मग एकदम पुढे सुरू होतं.

मोडीवेडी

१३५७ फसली म्हणजे १९४७-४८. रझाकारांचा काळ. हद्दीजवळच्या गावांतली किती तरी कुटुंबं बायकापोरांना घेऊन बार्शीकडे गेली होती. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८. कोऱ्या पानांनंतर पहिली नोंद काय आहे माहीत आहे? 'कुलूप १'.

तागडी

आजी म्हणते तिला यातलं काही सांगितलं नाही सासऱ्यांनी. फक्त पावसात बैलगाडीतून परत आले एवढंच.

निवृत्त भूकरमापक

मालमत्ता पत्रक निघालं का?

तागडी

निघालं. आणि साहेब, तुमचे पाय कुठे आहेत?

मूळ धारकात पणजोबांचं नाव आहे, ते अपेक्षित होतं. 'पट्टेदार' कोरा. 'इतर भार' कोरा. आणि 'सुविधाधिकार' या रकान्यात एक ओळ आहे: 'पूर्वेकडील आडावर पाणी भरण्याचा हक्क गल्लीतील लोकांना.'

आमच्याकडे आड नाही. मी जन्मापासून त्या घरात जाते, आड पाहिलेला नाही.

खवचट खारीक

मागच्या खोलीतली बशीसारखी फरशी! झालं, आड तोच.

निवृत्त भूकरमापक

घाई नको. ताई, मागची खोली कुठल्या दिशेला?

तागडी

पश्चिमेला. पूर्वेला रस्ता.

निवृत्त भूकरमापक

मग ते आड नव्हे. माझा अंदाज पेव. मुरमाड जमिनीत धान्य साठवायचा खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढं, आत घागरीसारखा पोट फुगलेला. तळाला आणि कडेनं कडबा लावून ज्वारी भरायची आणि वर दगड, माती. भुसाराच्या दुकानात ते असणारच. 'पेव फुटलं' म्हणतो ना आपण, ते तिथलंच. कृपा करून कुणी उत्साहानं उघडायला जाऊ नका. बंद पेवात कोंदलेली हवा माणूस मारते. जुने लोक आधी कंदील सोडायचे, तो विझला की उतरायचे नाहीत.

काळा कोट

यावर अधोरेखन. आत कुणी उतरू नका.

खवचट खारीक

बरं, पेव मान्य. मग पूर्वेचा आड कुठे गेला? पूर्वेला रस्ता आणि तुमचा ओटा. ओटा किती रुंद आहे?

तागडी

सहा-साडेसहा फूट. शहाबादी फरशीचा.

थांबा.

खवचट खारीक

थांबलो.

आणि थांबल्या थांबल्या त्या दगडाकडे परत बघा. खाचा कडेला, बोटभर रुंद, आतून गुळगुळीत. दोर घासून पडतात तशा. रहाट नसलेल्या आडाच्या काठावर हातानं पोहरा ओढला की असंच होतं. आमच्या गावच्या आडाला अशा खाचांत हात बसतो. दारावरचा तुमचा दगड आडाचा काठ होता. शके १८२१ हे आडाचं वय आहे.

तागडी

आज गावाला आले आहे, स्टुलावर चढून दगड पुसला. 'श्री शके १८२१' च्या खाली आणखी एक ओळ आहे. चुन्याखाली होती म्हणून दिसत नव्हती. पण दगड दोन्ही बाजूंनी छिनलाय, त्यामुळे उरलंय एवढंच: '...नी बां...'

मोडीवेडी

'यांनी बांधविला'. नाव गेलं.

खवचट खारीक

नावच नेमकं दाराच्या मापात बसत नव्हतं.

गणिती गवळण

१८९९-१९०० म्हणजे छप्पन्नचा दुष्काळ ना? विक्रम संवत १९५६ चा. त्या साली आड खणला असेल तर आश्चर्य नाही.

तागडी

आता आजीला समोर बसवून विचारलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

"मी लगीन होऊन आले तवा आड उघडाच व्हता की. बायका पहाटं पाण्याला यायच्या, त्यांच्या घागरींच्या आवाजानं जाग यायची. बहात्तरच्या दुष्काळात आटला. तळाला नुसता गाळ. लेकरू पडल म्हनून मामंजींनी वर लाकडं टाकली, मग फरशी टाकली. म्हनले, पानी आलं की काढू. पानी आलं पुढच्या साली. पर तवर फरशीवर गुळाच्या ढेपी मांडल्या व्हत्या. मग नळ आला. आडाला कोन इचारतंय?"

दगड? "काठाचा व्हता. श्री लिवलेला दगड पायात कसा टाकायचा, म्हनून दारावर बसवला."

तर हे असं आहे. पन्नास वर्षं आम्ही पाहुण्यांना दाखवत होतो तो दगड आमच्या दुकानाचा नव्हताच. आणि ओटा 'तात्पुरता' आहे.

निवृत्त भूकरमापक

तारखा जुळतात. तुमच्याकडे चौकशी सत्तरच्या दशकात झाली असेल, तेव्हा आड झाकून फार दिवस झाले नसणार. कुणीतरी शेजाऱ्यानं जबाबात सांगितलं आणि अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. चौकशी नोंदवहीची नक्कल मागवाच. जबाब कुणाचा होता ते कळेल.

वेशीबाहेरचा

धागा पहिल्यापासून वाचतोय, लिहू की नको करत होतो.

'गल्लीतील लोकांना' असं लिहिलंय. कुठल्या गल्लीतील? माझं आजोळ त्याच लाइनवर, दोन स्टेशनं पुढे. माझी आजी सांगायची, आडापासून दहा हातांवर घागर मांडून बसायचं. कुणी बाई दयेनं पोहरा ओतला तर पाणी. त्याला 'वाढणं' म्हणायचे, पाणी वाढणं, भाकरीसारखं. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. आमच्या आजीची घागर त्यानंतरही पुष्कळ वर्षं दहा हातांवरच होती.

दुकानाचंही तसंच. ओट्यावर चढायचं नाही. खाली उभं राहायचं, पैसे ओट्यावर ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलायचा आणि पुडी वरून ओंजळीत टाकायचा. पुडीबहाद्दर दादा, तुम्ही फार सुंदर लिहिलंय. दोरा तुटला पाहिजे, सुटता कामा नये, हे आमच्याकडे दुसऱ्याच कारणासाठी माहीत होतं. वरून पडली की फुटायची.

तागडी ताई, तुमच्यावर रोख नाही. पण इतिहास लिहिताय तर हेही विचारा.

पुडीबहाद्दर

दादा, वाचून गप्प झालो. आमच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर कोण उभं राहायचं ते मला आठवतंय. आठवत होतं, पण लिहिताना आठवलं नाही.

तागडी

@वेशीबाहेरचा, विचारलं.

आजी आधी म्हणाली, "तवा समदीकडं तसंच व्हतं." मी काही बोलले नाही. मग बऱ्याच वेळानं, भाजी निवडता निवडता: "माझ्या हातानं म्या टाकल्यात पुड्या. मामंजी शेजारी बसायचे. ते गेल्यावर नाही टाकल्या."

नळाचंही सांगितलं तिनं. आमच्या गल्लीत नळ आधी आला, वेशीबाहेरच्या वस्तीत कितीतरी वर्षांनी. आड झाकला तेव्हा त्यांना 'वाढायची' जागाही गेली. ते पाण्याला कुठे जायचे ते तिला माहीत नाही. खरं तर ती म्हणाली, "नाही बघितलं."

चुलतभावाचा फोन येऊन गेला. 'आडाचं आणि हे सगळं कशाला लिहितेस, नुकसानभरपाईत अडचण येईल.' काळा कोट साहेब, येईल का?

काळा कोट

नोंद तुम्ही लिहून निर्माण केलेली नाही, ती सरकारी पत्रकावर आधीपासून आहे. मोजणीला येणारा ती वाचेलच. बाकी तुमच्या वकिलांशी बोला, इथे सल्ला देत नाही.

वेशीबाहेरचा

विचारलंत, लिहिलंत. आजींना नमस्कार सांगा.

संपादक मंडळातर्फे

धाग्यातले दोन वैयक्तिक प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा चांगली चालली आहे, ती तशीच चालू द्यावी.

तागडी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

चौकशी नोंदवहीची नक्कल आली. जबाब एका बाईचा आहे, समोरच्या घरातली, नाव देत नाही. 'सदर आडाचे पाणी आम्ही पूर्वापार भरत आलो आहोत, हल्ली त्यावर दुकानदाराने फरशी टाकली आहे, आमचा हक्क कायम राहावा.' खाली अंगठा. त्याखाली पणजोबांची सही, 'हरकत नाही' म्हणून. म्हणजे त्यांनी ते मान्य केलं होतं. आणि फरशी काढली नाही.

काल सकाळी ओटा पाडला. जेसीबीनं पहिल्या घासातच फरशीचा तुकडा खाली गेला आणि आवाज यायला वेळ लागला. चालकानं आपणहून यंत्र मागे घेतलं. खाली गोल चिऱ्यांचं बांधकाम आहे, व्यास साधारण पाच फूट. लाकडाचे दोन ओंडके अजून आडवे, काळे पडलेले. वरून बॅटरी मारली तर गाळ, खापऱ्या आणि डालड्याचे चेपलेले डबे दिसले. पाणी दिसलं नाही. सळीला दोर बांधून सोडला, अठ्ठावीस फुटांवर ओला लागला.

खवचट खारीक

ओला!

पुडीबहाद्दर

चार नंबरची फळी सापडली का हो त्यात?

तागडी

नाही सापडली. :)

काम थांबवलंय, अभियंता सोमवारी येणार. रस्त्यात येतो म्हणून मुरूम टाकून बुजवायचा की वर जाळी टाकून ठेवायचा, यावर कालपासून चौकात दोन तट पडलेत. समोरच्या घरातल्या त्या बाईंची सून आली होती बघायला. जबाबाची नक्कल तिला वाचून दाखवली, तिनं एक प्रत मागून घेतली.

दगड उतरवून ठेवलाय मागच्या खोलीत. आजी दिवसभर पत्र्याखाली खुर्ची टाकून बसली होती. संध्याकाळी मजूर निघाले तेव्हा त्यांना म्हणाली, "वर काहीतरी नीट टाका रे. पर काढता येईल असं टाका."

निवृत्त भूकरमापक

सोमवारी मोजणी होईल तेव्हा आडाचा मध्य नकाशावर दाखवून घ्या आणि पोच घ्या.